नवस, शपथ आणि वचन

आपल्या भाषेंत ‘शब्द’ हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात. तोंडांतून निघणारा अर्थपूर्ण ध्वनि तो शब्द. आणि एका मनुष्यानें दुसऱ्यास दिलेलें वचन तेंहि शब्दच. अमक्यानें शब्द दिला, शब्द पाळला, शब्द फिरविला, तो शब्दाला जागला, असें आपण नित्य म्हणतों. मनुष्याच्या तोंडून जें जें निघतें तें सर्वच वचनासारखें पाळण्याजोगें असावें, असा आपल्या पूर्वजांचा अभिप्राय असावा. ख्रिस्ती धर्माची शिकवणहि शेवटीं याच ठिकाणीं येऊन पोहोंचते. ती कोणत्या मार्गानें पोहोंचते आणि त्या मार्गांत कोणत्या अडचणी येतात, हें या लेखांत यथामति सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभीं चार शब्दांचा भेद लक्षांत घेतला पाहिजे. एका मनुष्यानें दुसऱ्यास ‘मी अमुक करीन’ असें सांगितलें म्हणजे तें वचन झालें. तेंच सांगतांना देवास साक्षी ठेवलें आणि खोटें ठरल्यास देवाचा कोप ओढवून घेण्याची तयारी दाखविली, म्हणजे ती शपथ झाली. मनुष्यानें थेट देवासच कांहीं अर्पण करण्याचें अथवा कांहीं वर्ज्य करण्याचें कबूल केलें म्हणजे तो नवस झाला. आणि दोन पक्षांनीं कायमचें नातें जोडून परस्परांस बांधून घेतलें म्हणजे तो करार झाला. पवित्र शास्त्राच्या दोन भागांस आपण ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशीं नांवें देतों, त्यांत हाच शेवटला अर्थ आहे. ज्या ग्रंथाच्या नांवांतच करार आहे, त्या ग्रंथांत दिलेल्या शब्दाला किती महत्त्व असेल, हें निराळें सांगावयास नको.

शास्त्रांतील या करारांत पहिला शब्द मनुष्याचा नसून देवाचा आहे. जलप्रलय ओसरल्यावर पृथ्वीचा असा नाश पुन्हा करणार नाहीं, असें देवानें नोहाला सांगितलें आणि मेघांतील धनुष्य ही त्या वचनाची खूण ठरविली. ती खूण पाहून आपणच आपल्या कराराचें स्मरण करूं, असें देव म्हणतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. अब्राहामास देवानें बोलाविलें तेव्हां तो ७५ वर्षांचा होता. वचनाचा पुत्र इसहाक जन्मला तेव्हां तो १०० वर्षांचा झाला होता. मध्यें पंचवीस वर्षें गेलीं, परंतु वचन गेलें नाहीं. ख्रिस्ती मनुष्यानें आपला शब्द पाळावयाचा तो केवळ लोकांत अब्रू राहावी किंवा व्यवहार सुरळीत चालावा एवढ्याचसाठीं नव्हे. ज्या देवावर त्याचा विश्वास आहे तो देव शब्द पाळणारा आहे. आणि त्याच्या लेंकरांनीं आपल्या पित्यासारखें असावें, हें त्याचें मूळ कारण आहे.

आतां नवसाची गोष्ट घेऊं. जुन्या करारांतील सर्वांत हृद्य नवस हन्नाचा आहे. तिला मूल नव्हतें. सवत तिला टोंचून बोलत असे. शिलो येथील मंदिरांत ती इतकी व्याकूळ होऊन मनांतल्या मनांत प्रार्थना करीत होती कीं, एली याजकाला ती मद्य प्यालेली आहे असेंच वाटलें. मुलगा दिलास तर तो आयुष्यभर तुझ्या सेवेला देईन, असा तिनें नवस केला. शमुवेलाचा जन्म झाला. आतां खरी परीक्षा आली. नवस करतांना तिच्या हातीं कांहीं नव्हतें. फेडतांना मांडीवर बाळ होतें! तरीहि दूध तुटल्यावर तिनें तें मूल मंदिरांत नेऊन एलीच्या स्वाधीन केलें, आणि पुढें दर वर्षी त्याच्यासाठीं एक लहानसा झगा शिवून ती घेऊन जात असे. वचन पाळल्यानें आईची माया आटली नाहीं, आणि मायेनें वचन अडविलें नाहीं.

दुसरी गोष्ट गिबोनकरांची. इस्राएल लोक कनान देशांत आले तेव्हां गिबोनच्या लोकांनीं भयानें एक युक्ति केली. फाटकीं गोणपाटें, झिजलेले जोडे आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन ते यहोशवाकडे गेले, व आपण फार दूर देशाहून आलों आहों असें सांगून त्यांनीं अभयाचा करार करून घेतला. तीन दिवसांनीं उघडकीस आलें कीं, हे तर जवळचेच शेजारी! लोक चिडले. फसवून घेतलेल्या शपथेला कोण जुमानतो, असें कोणीहि म्हटलें असतें. परंतु परमेश्वराच्या नांवानें शपथ वाहिली आहे, आतां यांच्या केसाला धक्का लावतां येत नाहीं, अशी सरदारांनीं भूमिका घेतली. गिबोनकरांस लांकडें तोडण्याच्या व पाणी भरण्याच्या कामावर ठेविलें, पण जिवंत ठेविलें. इतकेंच नव्हे, तर पुढें पांच राजे गिबोनवर चालून आले असतां यहोशवा रात्रभर कूच करून त्यांच्या रक्षणासाठीं गेला.

ही गोष्ट येथें संपत नाहीं. कित्येक पिढ्यांनंतर शौल राजानें आपल्या लोकांच्या अभिमानानें गिबोनकरांची कत्तल केली. दावीदाच्या कारकीर्दींत तीन वर्षें दुष्काळ पडला, तेव्हां त्याचें कारण हा शपथभंगच आहे असें त्याला कळून आलें. शौलाच्या घराण्यांतील सात जणांस त्या वेळीं मरावें लागलें. पण लंगड्या मफीबोशेथास दावीदानें वांचविलें. कारण त्याचा बाप योनाथान याच्याशीं दावीदानें मैत्रीची शपथ वाहिली होती. योनाथान तर केव्हांच रणांत पडला होता. एकाच अध्यायांत एका शपथेचा भंग आणि दुसऱ्या शपथेचें पालन शेजारीं शेजारीं आलें आहे. वाडवडिलांनीं दिलेला शब्द नातवंडांवरहि बंधनकारक असतो, आणि मनुष्य मेला तरी त्याला दिलेला शब्द मरत नाहीं, हे दोन धडे त्यांत आहेत.

येथें एक शंका सहज उद्भवते. मग तोंडून जें निघालें तें, बरें असो वाईट असो, पुरें केलेंच पाहिजे काय? शास्त्राचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे. इफ्ताह लढाईवर जातांना बोलून बसला कीं, विजयी होऊन परतलों तर माझ्या घराच्या दारांतून जें प्रथम सामोरें येईल तें मी अर्पण करीन. परत आला, तों त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवीत आणि नाचत सामोरी आली! देवानें असा नवस मागितलाच नव्हता. हेरोद राजाची कथा तर याहून लाजिरवाणी आहे. मेजवानीच्या भरांत त्यानें नाचणाऱ्या मुलीला हवें तें देण्याची शपथ वाहिली. तिनें बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचें शिर मागितलें. आणि शपथेखातर व पाहुण्यांच्या भिडेखातर राजानें एका निरपराध साधुपुरुषाचा वध करविला. हेरोदानें शब्द पाळला, पण कोणासाठीं? चार लोकांत आपली फजिती होऊं नये म्हणून. पाप करण्याचें वचन देणें हा एक अपराध. तें पाळणें हा दुसरा.

प्रभु येशूच्या काळीं आणखी एक तऱ्हा प्रचारांत होती. म्हाताऱ्या आईबापांस ज्या द्रव्यानें मदत करावयाची तें ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलें, असें मुलगा म्हणाला, म्हणजे तो आईबापांच्या ऋणांतून मोकळा झाला, असें शास्त्री लोक सांगत. देवाला केलेल्या नवसाची सबब सांगून देवाचीच आज्ञा मोडण्याची ही युक्ति होती, आणि प्रभूनें तिचा कडक शब्दांत निषेध केला. यावरून एक नियम निघतो. जो नवस दुसऱ्याच्या हक्काची वस्तु देवाला देऊं पाहतो, तो नवस नव्हेच. अगदींच वचन देऊं नये, पण देऊन मोडूं नये, असा मोशेच्या नियमशास्त्राचा व उपदेशकाच्या पुस्तकाचा आशय आहे. देव कोणावर नवसाची सक्ति करीत नाहीं. म्हणून उतावळेपणानें केलेल्या नवसाचा दोष देवाकडे जात नाहीं.

शपथेच्या बाबतींतहि अशाच पळवाटा निघाल्या होत्या. मंदिराची शपथ वाहिली तर ती बंधनकारक नाहीं, पण मंदिरांतील सोन्याची वाहिली तर ती बंधनकारक आहे, अशा प्रकारचे बारीक भेद काढण्यांत पंडितांची बुद्धि खर्च होत असे. अर्थात् ज्याला हे भेद ठाऊक, तो शपथ वाहूनहि मोकळा राही. आणि ज्याला ठाऊक नाहींत, तो बिचारा फसे. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें या साऱ्या जाळ्याला एका घावानें छेद दिला. स्वर्गाची, पृथ्वीची, यरुशलेमेची, स्वतःच्या मस्तकाची, कसलीच शपथ वाहूं नका; तुमचा होकार खरा होकार असूं द्या आणि नकार खरा नकार असूं द्या, असा त्याच्या सांगण्याचा भाव आहे. शपथ घेतली तरच खरें बोलणारा मनुष्य शपथेविना खोटें बोलण्याची मोकळीक स्वतःपाशीं राखून ठेवतो. ‘आईच्या गळ्याची शपथ, या वेळीं खरें सांगतों’ असें मुलगा म्हणतो, तेव्हां इतर वेळीं आपण काय करतों याची तो नकळत कबुलीच देत असतो!

ख्रिस्ती मंडळ्यांनीं या उपदेशाचा अर्थ निरनिराळ्या प्रकारें केला आहे. बहुतेकांच्या मतें न्यायालयांतील गंभीर शपथेस येथें मनाई नाहीं. फुकाच्या आणाभाकांस आहे. परंतु सतराव्या शतकांत इंग्लंडांत जॉर्ज फॉक्स याच्या उपदेशानें निघालेल्या क्वेकर पंथानें हे शब्द अक्षरशः घेतले. न्यायाधीशासमोरहि शपथ घेण्यास त्यांनीं नकार दिला आणि त्यापायीं अनेकांनीं तुरुंगवास भोगला. अखेर त्या शतकाच्या शेवटीं इंग्लंडच्या पार्लमेंटानें त्यांस शपथेऐवजीं गंभीर प्रतिज्ञा करण्याची सवलत दिली. आज आपल्या देशांतहि १९६९ च्या शपथविषयक कायद्याप्रमाणें साक्षीदारास ईश्वराची शपथ घेतां येते, किंवा शपथ न घेतां प्रतिज्ञा करतां येते.

याच पंथाचा विल्यम पेन याला १६८१ सालीं अमेरिकेंत विस्तीर्ण प्रदेशाची सनद मिळाली. तोच पेनसिल्व्हेनिया प्रांत. तेथील मूळच्या लेनापे लोकांशीं त्यानें सलोख्याचा करार केला. क्वेकर असल्यामुळें त्यांत शपथ नव्हती. शपथेविना केलेला आणि कधींहि न मोडलेला असा हाच एक तह, अशा अर्थाचा शेरा फ्रेंच ग्रंथकार व्होल्तेर यानें पुढें मारला. परंतु पेनच्या पश्चात् त्याच्या मुलांनीं काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. १७३७ सालीं त्यांनीं एक जुना दस्तऐवज पुढें केला. मनुष्य दीड दिवसांत जितकें अंतर चालेल तितकी जमीन पेन घराण्यास द्यावी, असें त्यांत असल्याचें त्यांचें म्हणणें होतें. लेनापे लोकांस साध्या चालीचा अर्थ अभिप्रेत होता. पेनच्या मुलांनीं आधींच वाट साफ करवून ठेविली, चपळ माणसें पैसे देऊन आणलीं, आणि त्या चालीनें लाखों एकर जमीन लेनापे लोकांच्या हातून गेली. कागदावरील अक्षर पाळलें; बापाचा शब्द मोडला. मंदिर आणि मंदिरांतील सोनें असा भेद करणाऱ्या पंडितांचीच ही विद्या होय. जो शब्द आपण देतों, तो ऐकणाऱ्यानें ज्या अर्थानें घेतला व घ्यावा असें आपणांस ठाऊक होतें, त्याच अर्थानें पाळला पाहिजे.

आतां जिचा दूरचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो अशी एक कथा सांगतों. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा स्कॉटिश मिशनरी व प्रवासी १८५३ च्या नोव्हेंबरांत आफ्रिकेच्या मध्यभागांतील लिन्यांटी गांवाहून पश्चिम समुद्राकडे निघाला. माकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू यानें त्याच्याबरोबर आपले २७ लोक दिले होते. या लोकांस मी परत घरीं आणून पोहोंचवीन, असा लिव्हिंग्स्टननें राजाला शब्द दिला. १८५४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ते लुआंडा बंदरास पोहोंचले, तेव्हां लिव्हिंग्स्टन तापानें व अतिसारानें केवळ अस्थिपंजर झाला होता. बंदरांत ब्रिटिश युद्धनौका होत्या. त्यांवरील अधिकाऱ्यांनीं त्याला मायदेशाच्या वाटेला लावण्याची तयारी दाखविली. त्याची पत्नी व चार मुलें १८५२ मध्येंच इंग्लंडास गेलीं होतीं. त्यांची भेट होऊन दोन वर्षें उलटलीं होतीं. नौकेवर पाय ठेवला असता तर कोणी त्याला नांवें ठेविलीं नसतीं. परंतु ते २७ लोक परक्या मुलखांतून आपल्यावांचून घरीं पोहोंचूं शकणार नाहींत, हें तो जाणून होता. त्यानें आपलीं पत्रें व नकाशे तेवढे टपालाच्या जहाजानें पाठविले, आणि सप्टेंबरांत तो पुन्हा त्याच जंगलांकडे वळला. तें जहाज मदीरा बेटाजवळ बुडालें. वर्षभर वाट तुडवून १८५५ मध्यें त्यानें आपल्या सोबत्यांस स्वदेशीं पोहोंचविलें.

पुढें तो पूर्व समुद्राकडे निघाला तेव्हां सेकेलेटूनें शंभराहून अधिक माणसें दिलीं. त्यांस टेटे येथें ठेवून, मरण आलें नाहीं तर मी खात्रीनें परत येईन, असें सांगून १८५६ सालीं लिव्हिंग्स्टन इंग्लंडास गेला. ‘तुमचा इंग्रज कांहीं परत येत नाहीं’ असें तेथील लोक त्यांस हिणवीत. कित्येक देवीच्या साथींत मेले. पण १८५८ मध्यें लिव्हिंग्स्टन परत आला, आणि १८६० सालीं ज्यांची इच्छा होती त्यांस घेऊन तो पायीं त्यांच्या देशीं गेला.

हाच लिव्हिंग्स्टन १८६४ सालीं एका लहानशा आगबोटींतून हिंदी महासागर ओलांडून मुंबईस आला. त्याच्याबरोबर आलेला चुमा नांवाचा, गुलामगिरींतून सुटलेला आफ्रिकन मुलगा कांहीं काळ डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेंत शिकला. नाशिकजवळ शरणपूर येथें चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतींत गुलामांच्या गलबतांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस शिक्षण देत असत. तेथील कांहीं तरुण १८६५ सालीं लिव्हिंग्स्टनच्या शेवटल्या प्रवासांत सामील झाले, आणि जेकब वेनराइट हा मागाहून १८७२ मध्यें त्यांस मिळाला. १८७३ च्या मे महिन्यांत लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारला. आतां त्याच्या सोबत्यांस कोण जाब विचारणार होतें? तरीहि सुसी, चुमा, वेनराइट आणि इतरांनीं त्याचें हृदय तेथेंच एका वृक्षाखालीं पुरलें. वेनराइटनें अंत्यविधीची प्रार्थना वाचली व झाडावर नांव कोरलें. आणि सर्वांनीं वाळविलेला देह खांद्यावरून शेंकडों मैल समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेला. वाटेंत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला, तोहि त्यांनीं मानला नाहीं. १८७४ च्या एप्रिलांत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें दफन झालें, तेव्हां शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकास शिकलेला जेकब वेनराइटहि होता. ज्यानें आपल्या माणसांस दिलेला शब्द पाळला, त्याच्याशीं त्याच्या माणसांनीं शब्द न देतांहि इमान राखलें. विश्वासाचें बीं असें उगवतें.

विद्यार्थीमित्रहो, कोणी म्हणेल, हे थोर लोकांचे थोर प्रसंग झाले. आमच्या हातीं राज्यें नाहींत कीं प्रवास नाहींत. खरें आहे. पण तुमच्या हातीं मित्राचें मागून आणलेलें पुस्तक आहे, आणि ‘सोमवारीं नक्की आणून देईन’ हा शब्द आहे. खेळाच्या संघांत नांव दिल्यावर पहांटे मैदानावर हजर राहण्याचा शब्द आहे. मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट कोणास न सांगण्याचा शब्द आहे. मोठीं वचनें आयुष्यांत थोडींच येतात. बाप्तिस्म्याच्या वेळीं आपल्या वतीनें इतरांनीं दिलेलीं आणि दृढीकरणाच्या वेळीं आपण स्वतः पत्करलेलीं वचनें, विवाहाच्या वेळीं सुखदुःखांत साथ देण्याचें वचन, हीं तीं होत. परंतु तीं पाळण्याचें बळ त्या दिवशीं आकाशांतून पडत नाहीं. सोमवारीं परत केलेल्या पुस्तकांनींच तें हळूहळू सांचतें.

आईबापांसहि येथें दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रडणाऱ्या मुलास गप्प करण्यासाठीं ‘उद्यां जत्रेला नेईन’ म्हणून वेळ मारून नेणें फार सोपें असतें. आपण विसरतों, मूल विसरत नाहीं. वचन ही केवळ वेळ मारून नेण्याची वस्तु आहे, हा धडा त्याला पहिल्यांदा घरींच मिळतो. भीति घालण्यासाठीं दिलेल्या पोकळ धमक्यांचीहि तीच गत आहे. देवाचें वचन खरें असतें असें मुलांस सांगावयाचें असेल, तर आधीं बापाचें वचन खरें असतें असा त्यांस अनुभव आला पाहिजे.

आणि शब्द मोडला गेला तर? पेत्रानें शेवटल्या भोजनाच्या रात्रीं मरेपर्यंत साथ देईन असें छातीला हात लावून सांगितलें, आणि कोंबडा आरवण्यापूर्वीं तीन वेळां आपल्या प्रभूला नाकारलें. तेंहि शपथ वाहून! तरी तो निराश होऊन दूर पळाला नाहीं. बाहेर जाऊन ढसढसा रडला. पुनरुत्थानानंतर गालील सरोवराच्या कांठीं प्रभूनें तीन वेळां त्याच्या प्रीतीची विचारणा केली आणि पुन्हा काम सोंपविलें. प्रभूनें त्याच्याकडून नवी शपथ मागितली नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जो शब्द पाळणें खरोखरच अशक्य झालें असेल, त्याबद्दल तोंड चुकवूं नये. ज्याला शब्द दिला त्याच्याकडे आपण होऊन जावें, खरी अडचण सांगावी, त्याचें झालेलें नुकसान भरून द्यावें आणि त्याची क्षमा मागावी. सबब सांगणारा मनुष्य एकदां शब्द मोडतो आणि पुन्हा खोटें बोलतो. कबूल करणारा मनुष्य मोडलेला शब्द निदान अर्धा तरी सांधतो.

म्हणून वचन देण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावे. हें करणें योग्य आहे काय? हें माझ्या हातचें आहे काय? आणि उद्यां हें जड वाटलें तरी मी करीन काय? तिन्हींचें उत्तर ‘होय’ असेल तरच ‘होय’ म्हणावें. नसेल तर नम्रपणें पण स्पष्ट ‘नाहीं’ म्हणावें. भिडेचा होकार हा पुष्कळदां उशिरानें दिलेला नकारच असतो. ज्याचा ‘होय’ ऐकून लोक निश्चिंत झोंपतात, त्याला शपथ वाहण्याची गरजच पडत नाहीं. आणि डोंगरावर बसून प्रभूनें आपल्या शिष्यांकडून जी अपेक्षा केली, ती नेमकी हीच होती.